तोफेच्या पोटात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गृहपाठाची वही हातात आली की मी उत्तराआधी अक्षर बघते, कारण ते मुलाचं आहे की त्याच्या ताईचं, ते मला तिथेच कळतं. शिकवता शिकवता असा स्वभाव झाला की आधीपासूनच होता, ते सांगता येत नाही. पण गावातल्या तोफेबद्दल संशय यायला मात्र मला सासरी येऊन वीसेक वर्षं जावी लागली. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून एसटीची वाट बघत होते.

आमचं गाव कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर, एसटी थांबते तिथेच, एक दगडी चौथरा आहे. त्यावर सात फूट लांब, काळ्या ऑइलपेंटने रंगवलेली जहाजावरची जुनी तोफ ठेवलेली. मागे संगमरवरी पाटी. पाटीवर गावातून लढाईला गेलेल्या आणि परत न आलेल्या सात जणांची नावं. पहिली सहा फार जुनी, त्यांना पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही. शेवटचं नाव नौदलातल्या एका मुलाचं. तो युद्धात जहाजाबरोबर गेला, घरी काहीच आलं नाही. राखसुद्धा नाही.

तोफ गावात आणली ती त्या मुलाच्या मित्राने. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. हा वाचला, पूर्ण नोकरी करून परत आला आणि त्याने खटपट करून समुद्राकाठच्या कुठल्याशा पडक्या गोदामातून ही तोफ ट्रकवर घालून आणली. गाव त्यांना नेव्हीकाका म्हणतं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते साठीचे होते, आता ऐंशी ओलांडली आहे. सकाळी सात वाजता येऊन चौथऱ्याच्या कडेला बसायचं, हा त्यांचा रोजचा नेम. तोफेवर चढणाऱ्या मुलांना ते काही बोलत नसत. पण कोणाच्या हातात फटाका दिसला की म्हातारा काठी घेऊन उठलाच. दिवाळीत, गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत ते चौथऱ्याजवळ उभे असायचे आणि फटाक्यांची माळ रस्त्याच्या पार पलीकडे लावायला लावायचे. "हुतात्म्यांची जागा हाय. हितं आवाज नाय पायजे," असं म्हणायचे. गावाने ते मान्य केलं होतं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

आठवीला वृत्तचितीचं घनफळ शिकवायचं असतं. म्हणजे डब्यासारख्या गोल आकारात किती मावेल त्याचा हिशेब. पुस्तकात डब्याचं चित्र असतं, पण चित्रावर मुलांचा विश्वास बसत नाही. मला वाटलं, समोर एवढी तोफ आहे, तिच्या नळीत किती पाणी मावेल ते काढायला सांगू. जानेवारीतल्या एका सकाळी मी वर्ग घेऊन चौथऱ्यावर गेले. काका त्या दिवशी तालुक्याला गेले होते. ते असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

बाहेरची लांबी मुलींनी टेपने मोजली. मग आत खोली मोजायला बांबूची काठी घातली. काठी अडली. बाहेर काढून मोजली तर तीन फूटसुद्धा भरली नाही.

"बाई, सात फुटाची तोफ आणि भोक तीनच फूट?" एकीने विचारलं.

मी म्हटलं, नीट घाल. पुन्हा घातली, पुन्हा तिथेच अडली. मग काठी मी हातात घेतली आणि आत ठोकून पाहिलं. लोखंडावर बांबू आपटला की कसा आवाज येतो ते मला माहीत आहे. हा आवाज तसा नव्हता. बंद दारावर थाप मारल्यासारखा होता. आत लाकूड होतं.

मी मोबाइलचा उजेड आत टाकला. एक गोल, काळी, सपाट तबकडी दिसली. नुसती नजर टाकली तर वाटावं की तोफ तिथेच संपते. कोणीतरी तसं वाटावं म्हणूनच ती रंगवली होती. मग मी तोफेच्या मागच्या जाड भागावर हात फिरवला. तिथे वरच्या बाजूला वात लावायचं बारीक भोक असतं, एवढं मला माहीत होतं. भोक होतं, पण सिमेंटने बुजवून वर रंग मारलेला.

मुलांना मी तीन फुटांचं घनफळ काढायला लावलं आणि वर्गात परत आणलं. त्या दिवशी शिकवण्यात माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांसमोर उभी राहिले. "काका, तोफेच्या आत लाकूड कोणी बसवलंय?"

त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "कसलं लाकूड?"

"काल मुलांनी मोजलं. तीन फुटांवर बुचासारखा लाकडाचा गुट्टा ठोकलाय."

"बाई, तुमी पोरांना पुस्तक शिकवा. तोफेच्या नादाला लागू नका." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी असे बोलले होते. बोलताना त्यांनी काठी तोफेच्या तोंडासमोर आडवी धरली होती, तेही मी पाहिलं. रागाने माणूस आडवा येतो तसाच भीतीनेही येतो. मला ती भीतीच दिसली.

चार दिवसांनी तोफेच्या तोंडावर पत्र्याचं झाकण सिमेंटने पक्कं बसवलेलं दिसलं. पक्षी घरटी करतात म्हणून बसवलं, असं काकांनी ग्रामपंचायतीत सांगितलं होतं म्हणे. मी त्या तोंडात कधी चिमणीसुद्धा जाताना पाहिली नव्हती.

आता मला चैन पडेना. शिक्षकांच्या खोलीत मी विषय काढला. आमचे मुख्याध्यापक हसले. "आत दारू असेल हो बाई," ते म्हणाले. "ड्राय डेची सोय. मिलिटरीवाल्यांना कोटा मिळतो ना." सगळे हसले. मी हसले नाही, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच काहीतरी वाटत होतं. दारूच्या बाटल्या नसतील, पण लपवण्यासारखं काहीतरी. काकांच्या घरात कोण येतं, कोण जातं, मी बघायला लागले. ज्या माणसाच्या पाया पडत होते, त्याच्याबद्दल असं मनात आणताना लाज वाटायची, पण बघणं काही थांबलं नाही.

मार्चमध्ये ऊन तापलं तसं आणखी एक लक्षात आलं. काका दुपारी बारा वाजता बादलीभर पाणी आणून तोफेच्या मागच्या भागावर ओतत. मग ओलं गोणपाट टाकत, दोन वाजता ते पुन्हा भिजवत. हे ते दर उन्हाळ्यात करत आले होते. बायका म्हणायच्या, काका शहिदांना पाणी देतात. मीही एकदा सासूबाईंबरोबर तिथे हात जोडले होते. आता वर्गाच्या खिडकीतून बघताना मला प्रश्न पडला. शहिदांना पाणी द्यायचं तर पाटीला द्या. हे पाणी नेमकं बुजवलेल्या भोकाभोवतीच का?

मी सरपंचांकडे गेले. म्हटलं, तोफ एकदा उघडून बघायला हवी. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, चौथऱ्यामागची जागा तुमच्या दिरांची ना? तिथं गाळे काढायचेत असं ऐकतो. तोफ हलली तर गाळ्यांचं तोंड मोकळं होईल."

जागा दिरांची होती, गाळ्यांचं बोलणंही खरं होतं. मी तोफेच्या पोटात काय आहे ते शोधत होते आणि गाव माझ्या पोटात काय आहे ते शोधत होतं. त्या आठवड्यात दुकानात, पिठाच्या गिरणीत, बायका मी आल्यावर बोलणं बदलायच्या. काकांनीही तेच धरलं असणार. मी दिसले की ते उठून चौथऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसत. दीर मात्र मनापासून म्हणाले, "वहिनी, तुमी माझ्यासाठी एवढं करताय, मला म्हायतीच नव्हतं."

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. रस्ता रुंद करायचं काम आमच्या गावापर्यंत आलं होतं. चौथऱ्याचा पुढचा भाग जाणार, तोफ सहा फूट मागे सरकवणार, असं ठरलं. म्हणजे दिरांच्या गाळ्यांसमोरच. गावाला वाटलं, डाव उलटला म्हणून आता बाई गप्प बसल्या. मी खरंच गप्प बसले होते.

दहाच्या सुमारास मी सातवीच्या वर्गात होते. दारात काका उभे राहिले. पायात चप्पल नाही, काठी नाही. धावत आले होते. ऐंशीचा माणूस धावला की कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, चला. त्यांना थांबवा. माझं कोन ऐकत नाय."

"काय झालं काका?"

"गॅस कटर लावतायत. मागच्या बाजूला पट्टी हाय ना, ती कापतायत." त्यांना श्वास पुरत नव्हता. "त्यात दारू हाय, बाई."

वर्गातली मुलं फिस्सकन हसली. माझ्याही मनात क्षणभर बाटल्याच आल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि एकदम उलगडलं. तोफेतली दारू. नळीतली. ते बुजवलेलं भोक, ओलं गोणपाट, दिवाळीतली काठी, सगळं एका क्षणात जागेवर बसलं.

"आणि मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"हेच सांगितलं, आत दारू हाय. तर म्हनतात, काका, आमाला पन पाजा."

मी मुलांना सांगितलं, मागच्या दाराने सगळे मैदानाच्या टोकाला जा आणि बाकीच्या वर्गांनाही घेऊन जा. आणि मी धावले. चौथऱ्यावर एक कामगार उकिडवा बसला होता. तोफेला चौथऱ्याशी बांधणारी लोखंडी पट्टी कापत होता. ठिणग्या तोफेच्या बुंध्यावर उडत होत्या. पट्टी अर्धी कापून झाली होती. मी काय ओरडले ते आठवत नाही. सिलेंडरचा कॉक त्याच्या जोडीदाराने बंद केला, कारण मी थेट पेटलेल्या कटरकडे चालत गेले आणि तो घाबरला. मुकादम चिडला. "मॅडम, पागल हो क्या?" तो म्हणाला.

"अंदर बारूद है," मी म्हटलं. काकांनीही हाच शब्द वापरला असता तर कोणी हसलं नसतं. कामगार मागच्या मागे उडी मारून खाली उतरला.

मी बुंध्यावर हात ठेवला. हात भाजला. मग मी पदर हाताला गुंडाळून कोपऱ्यातलं गोणपाट उचललं आणि काकांनी बादली ओतली. फोन मीच कर्जतला पोलिसांना केला.

पोलीस आले, त्यांनी रस्ता अडवला. कशेळ्याकडच्या जीपा, एसट्या दोन्हीकडे उभ्या राहिल्या. अलिबागहून बॉम्बशोधक पथक यायला दुपार झाली. सगळ्या गावाला लांब उभं केलं होतं आणि सगळं गाव जितकं जवळ येता येईल तितकं आलं होतं. पथकाने झाकण काढलं, आत भरपूर पाणी सोडलं आणि लांब आकड्याने एकेक वस्तू बाहेर ओढली. आधी तो लाकडाचा काळा गुट्टा. मग बरीच पोकळ जागा. मग काथ्याचा घट्ट बोळा. मग गंजलेला, नारळाएवढा गोळा. तो चौथऱ्यावर ठेवला तेव्हा झालेला आवाज लांबपर्यंत ऐकू आला. सगळ्यात शेवटी काळा चिखल.

पथकाच्या प्रमुखांनी त्यातलं एक ढेकूळ फोडलं. आतून ते कोरडं होतं. त्यांनी बोटाएवढा तुकडा लांब नेऊन पत्र्यावर ठेवला आणि लांबूनच पेटवला. फस्सकन पांढरा धूर उठला. गाव दोन पावलं मागे सरकलं. त्या तोफेवर मांडी घालून सगळ्यांचेच फोटो होते. माझ्या मुलाचा पाचव्या वाढदिवसाचा फोटो तिथलाच आहे.

मग जबाब. शाळेच्या कार्यालयात प्रमुखांनी तो लाकडी गुट्टा टेबलावर ठेवला. फणसाचं लाकूड होतं, छान तासलेलं. "हे तोफेइतकं जुनं नाही," ते म्हणाले. "हा रंग आपण घराच्या दाराला लावतो तोच आहे. वरचं भोकही आताच्या सिमेंटने बुजवलंय. आत काय आहे हे कोणाला तरी माहीत होतं. तुम्हाला काही कल्पना, मॅडम?"

काका बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"नाही," मी म्हटलं. "तोफ आली तेव्हापासूनच तसं असेल. आमच्या मुलांनी मोजलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी मुलांच्या वह्यांकडे बघते ना, अगदी तसंच. मग हवालदारांना म्हणाले, लिहून घ्या. मी सही केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं असेल, त्याची गणती नाही.

काका आठ दिवसांनी आमच्या घरी आले. मी चहा टाकला. त्यांनी कप हातात घेतला.

"तोफ आनली त्याच वर्षी साफ करताना समजलं," ते म्हणाले. "मी जहाजावर तोफांवरच असायचो. गज घातला तर बोळ्याआड गोळा लागला. पानी ओतलं, पन खाली उतरंना. म्हटलं सरकारला कळवावं. मग वाटलं, कळवलं तर घेऊन जातील. परत देतील का? त्याची आय तवा होती. रोज यायची, तोफेला हात लावायची. म्हनायची, माझ्या पोराचं एवढंच हाय. मी कसं कळवनार? मंग गुट्टा केला, सुताराकडनं नाय, माझ्या हातानं."

"आणि ती गेल्यावर?"

"ती गेल्यावर मंग भ्या वाटायला लागलं. एवढी वर्षं का बोल्ला नाय, असं इचारतील ना गं."

ते मला पहिल्यांदाच 'गं' म्हणाले. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. "काका, मुलं रोज त्याच्यावर बसत होती."

"मी असायचो ना जवळ."

"तुम्ही जवळ असून काय झालं असतं? तुम्हीही गेला असतात."

"व्हय," ते म्हणाले. "ते खरं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "चुकलं माझं."

अशा वेळी जाऊ द्या म्हणायची पद्धत आहे. माझ्या तोंडातून ते आलं नाही. त्यांनाही ते अपेक्षित नसावं. ते उठले, मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

गोळा आणि दारू पथकाने नेली. तोफ इथेच राहिली, कारण ती न्यायची कोणी आणि कुठे याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. सध्या ती रस्त्याच्या कडेला दोन ओंडक्यांवर आहे, पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. दिरांच्या गाळ्यांचा पाया घातला गेला. त्यामुळे सगळं मीच घडवून आणलं, तो गोळासुद्धा बाहेरून आणून आत घातला, असं म्हणणारे गावात अजून आहेत. गिरणीत मी गेले की बोलणं थांबतं.

मला त्याचं फार वाटत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. वाटतं ते एवढंच, की काकांबद्दलचा माझा संशय खरा ठरला, आणि तरीही मी त्यांना ओळखलं नव्हतं.